कुचेराचा वध आणि त्याची किंमत

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमधला नाझी अधिकारी फ्रान्झ कुचेरा याच्या वधाची हकिगत सांगताना 'अवघ्या शंभर सेकंदांत' या शब्दांवरच भर दिला जातो आणि मग तिची थरारकथा होते. मला हा अन्याय वाटतो, कारण त्या सेकंदांमागचा निर्णय आणि त्यानंतर मोजावी लागलेली किंमत कितीतरी मोठी होती.

सप्टेंबर १९४३ मध्ये कुचेरा वॉर्सा जिल्ह्याचा एसएस (नाझींचे निमलष्करी दल) आणि पोलीसप्रमुख झाला. दिसेल त्याला धरायचे, ओलीस ठेवायचे आणि भर रस्त्यात गोळ्या घालायच्या, हे रोजचेच झाले. मारलेल्यांची नावे भिंतींवरच्या पत्रकांत छापली जात. हुकूम देणाऱ्याचा मात्र फक्त हुद्दा असे. त्यामुळे 'आर्मिया क्रायोवा' या पोलिश भूमिगत सेनेच्या 'केडीव्ह' या घातपात विभागाला आधी माणूस हुडकावा लागला, आणि ते काम अलेक्सांडर कुनिट्स्की यांच्या टेहळणीने केले.

१ फेब्रुवारी १९४४ ला सकाळी कुचेराची मोटार निघाल्याची खूण रस्त्यावर थांबलेल्या मुलींनी दिली. त्यांतली एक 'कामा', म्हणजे मारिया स्टिपुल्कोव्स्का. एका मुलाकडची हातबॉम्बची बॅग ऐन वेळी उघडलीच नाही. कुचेरा ठार झाला, पण पोटात गोळी लागलेला तरुण म्होरक्या ब्रॉनिस्वाव पिएत्राशेविच तीन दिवसांनी गेला आणि त्याच्यामागून मारियान सेंगर. या जखमींना रुग्णालयात पोहोचवून मोटार परत आणणारे काझिमिएझ सोट आणि झ्बिग्निएव गेंसित्स्की पुलावर जर्मनांच्या तावडीत सापडले, विस्तुला नदीत उड्या टाकल्या आणि तिथेच संपले.

दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी सुमारे ३०० ओलिसांना गोळ्या घातल्या आणि शहरावर दहा कोटी झ्लोटींचा दंड बसवला. तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण कत्तल आधीपासूनच चालू होती आणि हात आवरल्याने ती थांबली नसती. मात्र त्या तीनशे जणांना कोणीही विचारले नव्हते. भर रस्त्यातले गोळीबार पुढे लवकरच बंद झाले, हे या कारवाईचे यश म्हणून अभिमानाने लिहिले जाते. उद्ध्वस्त घेट्टोच्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीच्या) आडोशाला माणसे मारणे त्यानंतरही चालू राहिले, हे त्याच परिच्छेदात लिहिले जावे, एवढाच माझा आग्रह आहे.