नवजात मेंदू चिवट की नाजूक? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. नवजात प्राणी प्राणवायूवाचून प्रौढांपेक्षा अधिक वेळ तग धरतात, तेव्हा कॅल्शियममुळे अपरिपक्व मेंदूला इजेचा धोका जास्त असतो हे माझे विधान टिकत नाही, हा आपला मुख्य आक्षेप आहे. कॅल्शियमच दोषी असेल तर त्याची वाट औषधाने का अडवत नाहीत, असेही आपण विचारता. आणि असे लेख वाचून गर्भवती स्त्रिया कॅल्शियमच्या गोळ्या बंद करतील, अशी भीती जाता जाता व्यक्त करता.

आपले निरीक्षण खरे आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. ऊर्जा किती वेळ पुरते हा एक, आणि ती संपल्यावर पेशीत काय घडते हा दुसरा. नवजात मेंदूची ऊर्जेची गरज कमी असल्याने त्याचा एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा, साठा सावकाश उतरतो. तग धरण्याचे मुख्य कारण हेच. चेतापेशीच्या आतले मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते, आणि हा फरक राखणारी यंत्रणा अखेर एटीपीवरच चालते. साठा संपला की पेशीपटलावरचा विद्युतभार ढासळतो, ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन बाहेर साचते आणि एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे पेशीपटलावरची त्याची दारे, उघडून कॅल्शियम आत घुसते. त्याचा अतिरेक झाला की पेशीला इजा होते.

इथून पुढे कोवळे वय आड येते. या रिसेप्टरच्या तोंडाशी एरवी मॅग्नेशियमचा आयन (विद्युतभारित कण) अडकून वाट अडवत असतो. अपरिपक्व मेंदूत मात्र या रिसेप्टरचे असे प्रकार जास्त असतात की जे एकदा उघडले की अधिक वेळ उघडे राहतात, आणि त्यांतल्या काहींमध्ये मॅग्नेशियमची पकडही सैल असते. शिवाय पेशीत क्लोराइड जास्त असल्याने, प्रौढ मेंदूला शांत करणारे गाबा हे रसायन इथे पेशीला उत्तेजित करू शकते. हा निसर्गाचा हलगर्जीपणा नव्हे. नव्या जोडण्या बांधायला कॅल्शियमचा हाच संदेश लागतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूत थेट एनएमडीए, म्हणजे हेच रिसेप्टर उघडणारे रसायन, टोचले, तेव्हा सात दिवसांच्या पिल्लांमधली इजा प्रौढांच्या कितीतरी पट मोठी निघाली. तिथे प्राणवायू तोडलेलाच नव्हता, म्हणजे तग धरण्याचा मुद्दाच उरत नाही.

वाट अडवण्याबद्दल म्हणाल, तर १९९९ मध्ये तेही करून पाहिले गेले. त्याच वयाच्या पिल्लांमध्ये हे रिसेप्टर काही तास बंद ठेवल्यावर निरोगी चेतापेशी मोठ्या संख्येने आपणहून मेल्या, कारण जगण्याचा इशाराही त्यांना कॅल्शियमकडूनच मिळत असतो. म्हणूनच पूर्ण दिवसांच्या पण जन्मताना गुदमरलेल्या बाळावर आज जो उपचार रूढ आहे, तो कॅल्शियमरोधकांचा नाही: सहा तासांच्या आत सुरू करून बाळाचे तापमान ७२ तास ३३ ते ३४ अंश सेल्सियसवर ठेवतात. फार लवकर होऊ घातलेल्या प्रसूतीपूर्वी आईला मॅग्नेशियम सल्फेट दिल्यास बाळाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे अपंगत्व) होण्याची शक्यता घटते, हेही चाचण्यांत दिसले आहे. मात्र त्यामागे वर सांगितलेलाच मॅग्नेशियमचा अडसर आहे, हे माणसात सिद्ध झालेले नाही, त्यामुळे तो पुरावा मी माझ्या बाजूने ओढत नाही.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. रक्तातले कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व ठरावीक मर्यादेत ठेवतात, आणि बाळाच्या चेतापेशीचे रिसेप्टर ग्लुटामेटमुळे उघडतात, आईने घेतलेल्या गोळीमुळे नव्हे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या या लेखामुळे बंद करण्याचे काहीच कारण नाही.