पिल्लाच्या डोळ्यांनी दाखवा

शाळांमधून व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर लावला की आपण त्या जागीच आहोत असं वाटायला लावणारं यंत्र) वन्यजीव दाखवावेत, ही तुमच्या लेखातली सूचना मनापासून पटली. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखतात. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली की तळहातापेक्षा लहान, वाळूने माखलेलं काळपट पिल्लू वल्ह्यासारखे पाय मारत लाटेकडे निघतं. ते बघायला जमलेल्या गर्दीत मागच्या रांगेतल्या पोरांना मात्र पुढच्यांची डोकी आणि मोबाईलच दिसतात. हेडसेटमध्ये त्यांना हे नीट दिसेल. पण नुसतं गोंडस पिल्लू नको. रात्री समुद्राकडची उजळ कड शोधणारं पिल्लू किनाऱ्यावरच्या फ्लडलाइटकडे कसं वळतं, हेही दाखवा, अगदी त्याच्या डोळ्यांनी. आणि सुरुवात मुंबईच्या मॉलमधून नको, दापोली-मंडणगडच्या जिल्हा परिषद शाळांमधून करा. उद्या किनाऱ्यालगत घरं-हॉटेलं हीच मुलं बांधणार आहेत.