नडगी दुखत असताना मॅरेथॉन: फिरत्या सल्ल्याची तपासणी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्याआधीच्या दोन महिन्यांत किलोमीटर वाढतात, नडग्या बोलू लागतात आणि पळणाऱ्यांच्या ग्रुपवर ठरावीक सल्ला फिरतो: "थोडं दुखणारच. एक्स-रे स्वच्छ असेल तर पळा. बसून राहिलात तर फिटनेस जाईल. शर्यतीच्या दिवशी गोळी घ्या, नाहीच जमलं तर चाला." यातलं एकेक वाक्य बघू.

"थोडं दुखणारच."
टाचेमागच्या टेंडनबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. १० पैकी ३ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूळपदावर आलं, तर हलका सराव चालतो. हाडाला ही सवलत नाही. ताण वाढला की शरीर आधी झिजलेलं हाड खरवडून काढतं आणि मग नवं भरतं. खरवडणं तीन-चार आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चं असतं आणि नेमके तेव्हाच आपण लाँग रन वाढवत असतो.

म्हणून आधी दुखतंय काय ते शोधा. खुर्चीत बसा, पाय समोरच्या स्टुलावर ठेवा आणि नडगीची आतली कडा घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत जा. चार बोटं किंवा त्याहून लांब पट्टा हुळहुळत असेल, तर बहुधा शिनस्प्लिंट, म्हणजे ताणाने नडगीच्या कडेला येणारं दुखणं. एकाच, नाण्याएवढ्या जागी कळ उठली, तर तपासणी होईपर्यंत स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, आहे असं धरा. रात्री पडल्यापडल्या ठणकणं हीसुद्धा तीच खूण. कळ नडगीच्या पुढच्या कडेवर असेल तर जास्त जपा, तिथली चीर फार हळू भरते.

"एक्स-रे स्वच्छ आहे."
पहिले दोन-तीन आठवडे तो बहुतेक वेळा स्वच्छच असतो, कारण चिरेभोवती नवं हाड जमू लागल्यावरच त्यात काही दिसतं. हाडातली सूज एमआरआयमध्ये त्याआधी कळते. बोटाखाली कळ आहे आणि एक्स-रे कोरा आहे, तर अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा. पाळी अनियमित झाली असेल किंवा वजन उतरवण्यासाठी खाणं कमी केलं असेल, तर तेही न लाजता सांगा. हाड कच्चं राहण्याचं ते मोठं कारण आहे.

"फिटनेस जाईल."
दोन आठवड्यांत थोडाच जातो. कमरेला फ्लोटिंग बेल्ट बांधून, तळाला पाय न टेकवता खोल पाण्यात पळा. ३ मिनिटं जोरात, १ मिनिट सावकाश, असं सहा वेळा. दम टिकतो आणि हाडावर आदळआपट होत नाही.

रस्त्यावर परतण्याची घाई मात्र नको. नडगीच्या आतल्या कडेची साधी चीर भरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. त्यानंतर दाबून कळ नाही, ३० मिनिटं भराभर चालून दुखत नाही आणि एका पायावर १० उड्या बिनदुखत होतात, एवढं जमलं की १ मिनिट पळणं, ४ मिनिटं चालणं, सहा फेऱ्या, दिवसाआड. आधी वेळ वाढवा, वेग नंतर. आता हिशोब करा: नोव्हेंबरअखेर निदान झालं, तर शर्यतीच्या दिवशी तुम्ही फार तर याच पायरीवर असाल. ४२.१९५ किमी म्हणजे ४० हजारांच्या आसपास पावलं, आणि प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार. त्या जानेवारीची पूर्ण मॅरेथॉन सोडायची, हेच आमचं स्पष्ट मत.

"गोळी घ्या."
नका घेऊ. घामाने शरीरातलं पाणी घटतं, तेव्हा मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी रसायनंच आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं अडवतात. मुंबईच्या दमट हवेत हा धोका वाढतो. त्यात वर भरपूर पाणी प्यायलात, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. शिवाय थांबायची सूचना देणारी कळच दबते.

"नाहीच जमलं तर चाला."
नडगीत एका जागी कळ आली किंवा लंगडायला झालं, तर चालणंही बंद करा आणि जवळच्या वैद्यकीय मदत केंद्रावर बसा. जांघेत खोल कळ येत असेल, तर त्या पायावर भारच टाकू नका, स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर मागवा. ती मांडीच्या हाडाच्या मानेतली, म्हणजे खुब्याजवळच्या अरुंद भागातली, चीर असू शकते आणि आणखी काही किलोमीटर चालल्याने ती सरकू शकते. सरकली की ऑपरेशन करून स्क्रू घालावे लागतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती त्यानंतरही राहते.