वुडस्टॉक, १५ ऑगस्ट आणि भिजलेली सतार

ऑगस्ट लागला की मिरज-सांगलीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय : १५ ऑगस्ट १९६९ ला, आपल्या स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, अमेरिकेतल्या वुडस्टॉक गावात फुकट संगीत महोत्सव भरला, पाच लाख गोरे पंडित रविशंकरांच्या सतारीपुढे मंत्रमुग्ध होऊन बसले, आणि कुणाला साधं खरचटलंही नाही. आमच्या घरात दोन पिढ्या सतारी बनल्या, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मुहूर्ताचं म्हणाल तर कार्यक्रम शुक्रवार ते रविवार असा ठरला होता आणि तो शुक्रवार १५ तारखेला आला. बस्स.

वुडस्टॉक गावात तो झालाच नाही. न्यूयॉर्क राज्यातल्याच वॉलकिलला ठरलेली जागा जुलैत हातची गेली, तेव्हा तिथल्याच बेथेल गावच्या मॅक्स यास्गर यांनी आपलं रान दिलं. ते दुधाचा धंदा करणारे शेतकरी. हाताशी महिनाच उरला, आणि ‘फुकट’चा उगम तिथेच आहे. तीन दिवसांचं तिकीट १८ डॉलर होतं, सुमारे १,८६,००० तिकिटं आधीच विकली होती. पण कुंपण पुरं व्हायच्या आत माणसं येऊन बसली. चार लाखांच्या आसपास जमावाला बाहेर कोण काढणार? मग फुकट जाहीर केलं. संयोजक कर्जात बुडाले. पुढे माहितीपट आणि रेकॉर्डनी त्यांना सावरलं.

खरचटलं नाही, हे तर लिहूच नये. एक जण अमली पदार्थाने गेला. एक कोवळा मुलगा झोपेतच ट्रॅक्टरखाली सापडला. एवढ्या गर्दीत मारामाऱ्या झाल्या नाहीत, हे मात्र खरं आणि मोठं आहे.

आता सतार. रविशंकर शुक्रवारी रात्री बसले, तबल्यावर उस्ताद अल्लारखा, आणि पाऊस सुरू. सतारीचा भोपळा वाळवलेला असतो, वरची तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळी, पातळ लाकडाची. पावसाळ्यात आमचे वडील तयार सतार गोधडीत गुंडाळून ठेवत, तरी सकाळी जवारी, म्हणजे घोडीवरून उमटणारा तारांचा झंकार, बसलेली आणि तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, उतरलेल्या असायच्या. घराच्या आत ही गत, तर उघड्या रानात काय झालं असेल! ‘मंत्रमुग्ध’बद्दल स्वतः रविशंकरांनीच लिहून ठेवलंय. चिखलातली ती गर्दी बघून त्यांना आपल्याकडच्या डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या. नशेत असलेल्या त्या लोकांना संगीताचं फारसं काही नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि तो अनुभव त्यांना दुखवून गेला. ज्या गोष्टीचा खुद्द कलावंताला त्रास झाला, तिचा अभिमान आपण मिरवायचा?

मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला चिंचेच्या झाडाखाली रात्र-रात्र गाणं ऐकलेल्या माणसाला ऐकणारी गर्दी आणि नुसती जमलेली गर्दी यांतला फरक सांगावा लागत नाही. तशी ऐकणारी गर्दी रविशंकरांना अमेरिकेत मिळाली होती, पण दोन वर्षं आधी, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या संगीत महोत्सवात. तिथे दुपारचा अख्खा कार्यक्रम त्यांचा एकट्याचा होता आणि शेवटी लोक उठून उभे राहिले. पुढच्या खेपेला ग्रुपवर टाकायचंच असेल तर ही तारीख टाका : १८ जून १९६७.