‘भेळ’ म्हणालात, म्हणून जरा सविस्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा त्यातलं एक वाक्य टोचलं, कारण ते खरं आहे. त्याकडे येतेच, पण आधी बाकीचं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी: २ नोव्हेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये ‘चॅनल फोर’ सुरू झालं, त्या पहिल्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका मी तासागणिक मांडली होती आणि तिचं कौतुक केलं होतं. तुम्ही तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरला राहत होता. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ही नुसती भेळ होती, तिला धागा नव्हता. लोकांनी ती पाहिली नाही, तरी सरकारी पैशावर ती चालू राहिली. असलं वैविध्य आपल्या मुंबई दूरदर्शनवर आधीपासून होतं, मग गोऱ्यांचं एवढं कवतिक कशाला? आणि शेवटी, तिथे राहणाऱ्या भारतीयांच्या वतीने, ‘त्या दिवसात आमच्यासाठी काय होतं?’

भेळेपासून सुरुवात करू. पावणेपाचला ‘काउंटडाउन’: अक्षरं जुळवून शब्द करा, आकडे जुळवून उत्तर काढा, हातात तीस सेकंद. मूळ कल्पना फ्रेंच टीव्हीवरची. मग येणाऱ्या कार्यक्रमांची ओळख, म्हणजे आपली साप्ताहिकीच म्हणा. मग व्यायाम, अमेरिकेतून आणलेला एक कोर्टाचा कार्यक्रम, पुस्तकांवरचा कार्यक्रम, सातला बातम्या, आठला लिव्हरपूलची ‘ब्रुकसाइड’ मालिका, मग एक ऑस्ट्रेलियन विनोदवीर, नऊला ‘वॉल्टर’ हा चित्रपट, सव्वादहाला विडंबन आणि रात्री उशिरा स्त्रियांनी सादर केलेला गाण्या-कवितांचा प्रयोग.

यातलं सगळं उत्तम होतं असं मी म्हटलेलं नाही. तो ऑस्ट्रेलियन कार्यक्रम आणि ते कोर्ट, दोन्ही मला भरतीच वाटते. आणि ‘वॉल्टर’नंतर लगेच विडंबन लावणं हे मला आजही पटत नाही. बुद्धीने मागे राहिलेला एक तरुण, आई गेल्यावर त्याची रवानगी संस्थेत होते, इयन मॅकेलननी ते काम असं केलंय की चित्रपट संपल्यावर माणसाला पाच मिनिटं शांत बसायला हवीत. ती पाच मिनिटं कुणी दिली नाहीत.

पण धागा नव्हता हे मान्य नाही. धागा पडद्यावर नव्हता, कायद्यात होता. १९८०च्या प्रसारण कायद्याने या वाहिनीवर अट घातली होती: आयटीव्ही, म्हणजे तिथली जाहिरातींवर चालणारी खासगी वाहिनी, ज्यांची आवड पुरवत नाही त्यांच्यासाठी कार्यक्रम दाखवा, आणि कार्यक्रमांच्या रूपात नि आशयात नवं काही करून बघा. वाहिनीने स्वतःचा मोठा स्टुडिओ उभारून कार्यक्रम बनवायचे नव्हते. प्रकाशक जसा लेखकांकडून पुस्तकं घेतो तसे बाहेरच्या निर्मात्यांकडून घ्यायचे. पहिले मुख्याधिकारी जेरेमी आयझॅक्स यांनी ते मनावर घेतलं. ‘ब्रुकसाइड’ बघा: लिव्हरपूलमधल्या एका नव्या वसाहतीतली खरीखुरी घरं विकत घेऊन त्यात शूटिंग. सेटच्या भिंती हलतायत असला प्रकार नाही.

आता पैसा. इथे तुमची माहिती चुकते आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरायची लायसन्स फी बीबीसीला जाते, चॅनल फोरला नाही. ही वाहिनी सार्वजनिक मालकीची, पण उत्पन्न जाहिरातींचं. आणि सुरुवातीची दहा वर्षं तर गंमतच होती. चॅनल फोरवरच्या जाहिराती विकायच्या आयटीव्हीच्या प्रादेशिक कंपन्यांनी, मिळालेला पैसाही त्यांचाच, आणि त्या बदल्यात वाहिनीच्या खर्चासाठी ठरलेली वर्गणी त्यांनी भरायची. १९९३ पासून वाहिनी स्वतः जाहिराती विकायला लागली, तोवर हीच पद्धत होती.

याचा अर्थ लक्षात घ्या. पुस्तकांचा कार्यक्रम निवडणाऱ्याला साबणवाल्याचं तोंड बघावं लागत नव्हतं. साडेसहाला किती डोकी टीव्हीसमोर होती, यावर त्या आठवड्याचा पगार अवलंबून नव्हता. तुम्ही म्हणता, ‘लोकांनी पाहिलंच नाही’. अहो, थोडेच लोक पाहतील हे गृहीत धरूनच तर ती सोय केली होती! सातच्या बातम्यांना सुरुवातीला प्रेक्षक मिळेनात. जवळजवळ तासभर बातम्या कोण बघणार? पण त्यांना वेळ दिला गेला, आणि चार दशकं उलटली तरी त्या सातलाच लागतात. ‘काउंटडाउन’ही चालू आहे.

दूरदर्शनबद्दल. मुंबई केंद्र १९७२चं, म्हणजे दहा वर्षांनी थोरलं. ‘आमची माती आमची माणसं’, ‘किलबिल’, ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हे सगळं एकाच पडद्यावर बघत मी मोठी झाले, मला त्याची किंमत कोण शिकवणार! शेतकऱ्याला कपाशीवरची कीड सांगणारा माणूस उठला की त्याच जागी नाटकावर बोलणारे लोक बसायचे, आणि आम्ही दोन्ही बघायचो. पण आम्ही बघायचो कारण दुसरं बटणच नव्हतं. लेस्टरमध्ये तुमच्यापुढे आणखी तीन वाहिन्या होत्या, तरीही कायद्याने चौथीला वेगळं राहायला लावलं. आपल्याकडे वैविध्य होतं ते सरकारच्या मर्जीचं. पुढे ऐंशीच्या दशकात प्रायोजक आले आणि मर्जी बदलली, तेव्हा त्या वैविध्याला धरून ठेवणारं कलम कुठेच नव्हतं. कवतिक गोऱ्यांचं नाही, त्या कलमाचं आहे.

आता टोचलेलं वाक्य. ‘त्या दिवसात आमच्यासाठी काय होतं?’ काहीच नव्हतं. मी लेखात ‘कुणालाही वगळलं नव्हतं’ असं ठोकून दिलं. ते चूक आहे, आणि ते वाक्य मी काढून टाकलं आहे. दक्षिण आशियाई प्रेक्षकांसाठीचं ‘ईस्टर्न आय’ आणि कृष्णवर्णीयांसाठीचं ‘ब्लॅक ऑन ब्लॅक’ हे आलटून पालटून दाखवले जाणारे कार्यक्रम त्यानंतर आले.

पण मग पुढचंही मोजाल ना? पुण्यात जन्मलेले फारुख धोंडी १९८४ पासून तिथे बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे प्रमुख होते, चांगली तेरा वर्षं. हिंदी सिनेमावर नसरीन मुन्नी कबीर यांची मालिका झाली. लताबाईंवरही त्यांनीच सहा भाग केले. मुंबईच्या रस्त्यावरच्या पोरांचा ‘सलाम बॉम्बे’ उभा राहिला त्यात या वाहिनीचे पैसे होते. आणि नव्वदीच्या सुरुवातीला चक्क कबड्डी! आपल्याकडे १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये, म्हणजे चॅनल फोर सुरू झालं त्याच महिन्यात, कबड्डीला नुसत्या प्रात्यक्षिकाची जागा मिळाली होती. दहा वर्षांत तीच कबड्डी इंग्रजांच्या दिवाणखान्यात पोचली. दम धरणं म्हणजे काय हे त्यांना कुणी कसं समजावलं असेल, मला फार कुतूहल आहे.

तुम्हाला एक विचारायचं आहे, कारण मी हे सगळं वाचून आणि जुन्या फिती बघून लिहिते, तुम्ही तिथे होता. त्या काळात कलाकारांची संघटना आणि जाहिरात संस्था यांच्यात मानधनावरून वाद पेटला होता, त्यामुळे पहिल्या रात्री जाहिरातींच्या बऱ्याचशा जागा रिकाम्याच गेल्या. पडद्यावर ‘पुढचा कार्यक्रम लवकरच’ अशा अर्थाची पाटी आणि मागे संगीत. मोठा गाजावाजा करून वाहिनी सुरू करायची आणि दर थोड्या वेळाने पाटी! तुमच्या घरी त्या संध्याकाळी टीव्ही चालू होता का? असेल, तर ती पाटी आठवते का, आणि ती लागल्यावर घरातलं कुणी उठून दुसरं बटण दाबलं का?