‘पेठा रुसल्या’ हे कसब्याचं गणित आकड्यांत बसत नाही

पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघाबद्दल एक मजकूर निवडणूक आली की हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं: कसबा ब्राह्मण मतदारांच्या जोरावर 28 वर्षं भाजपचा बालेकिल्ला होता. भाजपच्या आमदार मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर 2023 च्या पोटनिवडणुकीत टिळकांच्या घरात उमेदवारी दिली नाही म्हणून सदाशिव, शनिवार, नारायण पेठा रुसल्या, ते या पेठांच्या मतमोजणीच्या फेऱ्यांतच कळलं, आणि जागा गेली. 2024 मध्ये रुसवा निघाला आणि जागा परत आली. यातलं एकेक विधान मतांशी ताडून पाहू.

‘बालेकिल्ला होता.’ गिरीश बापट 1995 ते 2014 सलग पाच वेळा निवडून आले, हे खरंच. पण 2009 चा निकाल काढून बघा. बापटांना सुमारे 55 हजार मतं. मनसेचे रवींद्र धंगेकर आणि काँग्रेसचे रोहित टिळक यांना प्रत्येकी 46 हजारांवर. विरोधातली ही दोन खातीच 93 हजारांची होतात. 2014 मध्येही बापटांची मतं 73 हजारांवर गेली, तरी काँग्रेस, मनसे, राष्ट्रवादी आणि शिवसेना मिळून बेरीज त्यांच्या पुढेच होती. बापटांचं घरोघरचं काम मोठं होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण विरोधी मतांची फाटाफूट हा या किल्ल्याचा अर्धा तट होता. आणि 1991 च्या पोटनिवडणुकीत याच कसब्याने बापटांना हरवून काँग्रेसच्या वसंत थोरातांना निवडून दिलं होतं, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

‘टिळकांना डावललं म्हणून.’ रोहित टिळक लोकमान्यांच्याच घराण्यातले. ते 2009 आणि 2014 मध्ये काँग्रेसकडून उभे होते, दोन्ही वेळा हरले. 2023 मध्ये ब्राह्मण समाजावर अन्याय झाला असं उघड सांगून हिंदू महासंघाचे आनंद दवे रिंगणात उतरले. त्यांना 300 मतंही पडली नाहीत.

आता 2023 चा खरा हिशेब. 2019 ला भाजपच्या मुक्ता टिळकांना 75,492 मतं होती, काँग्रेसच्या अरविंद शिंदेंना 47,296. 2023 ला भाजपचे हेमंत रासने 62 हजारांवर थांबले, धंगेकर, आता काँग्रेसचे, 73 हजारांवर गेले. म्हणजे भाजपची घट 13 हजार, काँग्रेसची वाढ 26 हजार. नुसती घट झाली असती आणि काँग्रेस जागच्या जागी राहिली असती, तर रासने 15 हजारांनी जिंकले असते. नुसती वाढ झाली असती, तर भाजप दोनेक हजारांनी वाचला असता. निकालाला दोन्ही लागलं. फिरणारा मजकूर फक्त घट सांगतो. वाढ कुठून आली याचा माग 2019 च्या निकालातच आहे: शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे यांना जवळपास 14 हजार, मनसेला 8 हजारांवर मतं होती. 2023 मध्ये ठाकरेंची शिवसेना काँग्रेससोबत होती. मनसेने पाठिंबा भाजपला दिला, पण समोर त्यांचाच जुना माणूस उभा होता.

त्याच दिवशी चिंचवडलाही पोटनिवडणूक होती. तिथे भाजपच्या अश्विनी जगताप सुमारे 36 हजारांनी जिंकल्या, कारण राष्ट्रवादीचे नाना काटे आणि बंडखोर राहुल कलाटे यांच्यात मतं वाटली गेली. दोघांची बेरीज जगतापांपेक्षा जास्त होती. कसब्यात बंडखोर नव्हता.

‘पेठांच्या फेऱ्यांतच कळलं.’ मतमोजणीची फेरी म्हणजे पेठ नव्हे. 14 टेबलं, प्रत्येकावर एका मतदान केंद्राचं यंत्र, केंद्रक्रमाने. कसब्यात 270 केंद्रं होती, म्हणून 20 फेऱ्या. एका फेरीत दोन पेठांच्या शिवेवरची केंद्रं सहज येतात. आणि मतदार यादीत जात नसते. आडनावावरून टक्के काढणाऱ्यांनी देशमुख आणि कुलकर्णी कोणकोणत्या समाजांत सापडतात ते आधी बघावं.

खरंच तपासायचं असेल तर रस्ता आहे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून फॉर्म 20 घ्या; त्यात केंद्रनिहाय, उमेदवारनिहाय मतं असतात. मग मतदार यादीच्या प्रत्येक भागाचं पहिलं पान उघडा, तिथे गल्ल्या आणि इमारतींची नावं असतात. पेठ त्यावरून ठरवा, केंद्र क्रमांकावरून नाही. इथेच बहुतेक तक्ते चुकतात: केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात आणि 2019 चं 120 नंबरचं केंद्र 2024 च्या 120 शी ताडलं जातं. टपाली मतं केंद्रांत धरू नका. टक्केवारीही जपून वापरा. पेठांत वाडा पाडून इमारत उभी राहते, जुने भाडेकरू कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला जातात, नावं मात्र वाड्याच्या पत्त्यावर राहतात. टक्केवारीचा छेद, म्हणजे यादीतली नावं, फुगतो, मतदान कमी दिसतं आणि ‘पेठा घरी बसल्या’ असा निष्कर्ष निघतो. टक्क्यांऐवजी पडलेली मतं मोजा.

राहिलं 2024. रासने 90 हजार, धंगेकर साधारण 70,600. मतदार ‘परत फिरला’ असता तर धंगेकरांची मतं कोसळली असती. ती तीन हजारांच्या आत घटली. रासनेंची मात्र 27 हजारांहून जास्त वाढली. 2023 ला मतदान 50 टक्क्यांच्या आसपास होतं, 2024 ला बरंच जास्त. म्हणजे ही वाढ बहुतेक पोटनिवडणुकीला न आलेल्या मतदारांची, बाजू बदललेल्यांची नव्हे.

धंगेकर 2025 मध्ये एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले. त्यामुळे पुढचा तक्ता करताना 2023 आणि 2024 च्या काँग्रेसच्या रकान्यावर त्यांचंही नाव लिहून ठेवा. 2009 च्या मनसेच्या रकान्यावरही तेच नाव येतं.