मुस्लिम जगाच्या रागाचे तज्ज्ञ कसे व्हावे

करिअर बदलायचा विचार असेल तर वॉशिंग्टनमध्ये एक धंदा कधीच मंदीत जात नाही: मुसलमान पाश्चात्त्यांवर का चिडतात, हे सांगण्याचा. अरबी, फारसी, उर्दू यायलाच हवी असं नाही. मागे पुस्तकांचं कपाट, समोर कॅमेरा आणि कपाळावर एक आठी पुरते. स्मरणशक्ती मात्र बेताची हवी.

पाया जॉर्ज बुश यांनी २० सप्टेंबर २००१ रोजी घालून ठेवलाच आहे. ते आपला द्वेष का करतात, असा प्रश्न त्यांनी संसदेत विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं: आपल्या स्वातंत्र्यामुळे. प्रश्नही आपला, उत्तरही आपलं. ज्यांना राग आलाय त्यांना विचारायला कशाला जायचं?

मग कॅलेंडर हाताळायला शिका. इराणचा विषय निघाला की नोव्हेंबर १९७९ पासून सुरुवात करा: तेहरानमधला अमेरिकी दूतावास, ५२ ओलीस, ४४४ दिवस. भयंकरच प्रकार होता, आवाज जड करायला हरकत नाही. पण पान उलटून ऑगस्ट १९५३ वर जाऊ नका. तिथे मोसद्देक नावाचे पंतप्रधान भेटतात. त्यांनी ब्रिटिश कंपनीच्या हातातलं तेल देशाच्या मालकीचं केलं आणि सीआयए व ब्रिटिश हेरखात्याने त्यांना सत्तेवरून घालवलं. आपला हात होता हे सीआयएच्याच कागदपत्रांतून २०१३ साली उघडपणे मान्य झालं. जुलै १९८८ सुद्धा टाळा. त्या महिन्यात अमेरिकी युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली आणि नौकेच्या कप्तानाला पुढे पदक मिळालं. कोणी आठवण काढलीच तर 'दुर्दैवी' म्हणा आणि पाण्याचा घोट घ्या.

पाकिस्तानात लोक लशीला घाबरतात, यावर 'मागासलेपण' हा शब्द तयार ठेवा. सीआयएने २०११ मध्ये अबोटाबादला बिन लादेनच्या घरच्यांचे नमुने मिळवण्यासाठी एका डॉक्टरकरवी लसीकरणाचं सोंग वठवलं होतं, हे सांगायची गरज नाही. संशय आधीही होता. त्याला पुरावा तेवढा पुरवला गेला. यापुढे असं करणार नाही, ही ग्वाही व्हाइट हाऊसने २०१४ मध्ये दिली आहेच. म्हणजे विषय मिटला.

निदान झालं की उपचार सांगावा लागतो, आणि तो एकच आहे: जाहिरात. शार्लट बीअर्स या जाहिरातक्षेत्रातल्या बड्या बाईंना परराष्ट्र खात्यात आणलं गेलं. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी त्यांची थोरवी काय सांगितली, तर त्यांच्यामुळे मी अंकल बेन्सचा तांदूळ विकत घेतला! (तांदूळ तरी शिजवून बघता येतो.) मग २००२ च्या रमजानमध्ये दीड कोटी डॉलरची मोहीम निघाली. ओहायोतला मुस्लिम बेकरीवाला, शाळेतली बाई, डॉक्टर, सगळे सुखात. कोणी खोटं बोलत नव्हतं. पण अमेरिकेतले मुसलमान कसे राहतात हा कैरो-कराचीतल्या माणसाचा प्रश्नच नव्हता; बगदादवर बॉम्ब पडणार का, हा होता. इजिप्त, जॉर्डन, लेबननच्या सरकारी वाहिन्यांनी जाहिराती दाखवायलाच नकार दिला. मार्च २००३ मध्ये बीअर्सबाई प्रकृतीच्या कारणाने पायउतार झाल्या आणि त्याच महिन्यात इराकवर हल्ला सुरू झाला.

आकडे मात्र जपून वापरा, ते घात करतात. प्यू संस्थेच्या पाहणीत इंडोनेशियात अमेरिकेबद्दल बरं मत असणारे २००२ मध्ये ६१ टक्के होते, २००३ मध्ये १५ उरले. वर्षभरात तिथला इस्लाम बदलला नव्हता आणि अमेरिकेचं स्वातंत्र्यही वाढलं नव्हतं. बदललं होतं ते इराक. मग त्सुनामी आली, अमेरिकी नौदलाची हेलिकॉप्टरं आचेच्या किनाऱ्यावर अन्नपाणी उतरवू लागली, आणि २००५ च्या पाहणीत आकडा ३८ वर गेला. हा तक्ता पडद्यावर कधीही दाखवू नका.

घरचाच भेदी निघाला तर? पेंटागॉनच्या स्वतःच्या सल्लागार मंडळाने २००४ मध्ये लिहून दिलं की मुसलमान आपल्या स्वातंत्र्याचा नाही, आपल्या धोरणांचा द्वेष करतात. अशा अहवालाचे आभार मानून तो कपाटात ठेवावा आणि पुढच्या वर्षी मुस्लिम देशांच्या दौऱ्यावर नवी बाई पाठवावी. परराष्ट्र खात्याच्या कॅरन ह्यूज यांना पाठवलंच की. सौदीतल्या जेद्दाच्या मुलींनी त्यांना सांगितलं, आम्ही सुखी आहोत. तुर्कस्तानात अंकाराच्या बायकांनी इराकयुद्धावरून धारेवर धरलं. तज्ज्ञाने यातून 'संवाद वाढवण्याची गरज' काढावी.

एक खरा मुद्दाही तुमच्या हाताशी आहे. तिथले हुकूमशहा स्वतःवरचा राग परस्पर अमेरिकेच्या दारात नेऊन ओततात. जरूर बोला. फक्त इजिप्तचे हुकूमशहा मुबारक यांचं नाव घेऊ नका, नाहीतर तिथल्या लष्कराला दरवर्षी मिळणारे १.३ अब्ज डॉलर कुठून येत, असं कोणीतरी विचारेल.

आणि युरोपातलं कोसोव्हो. तिथे बहुसंख्य लोक मुसलमान, आणि राजधानी प्रिस्टिनामध्ये बिल क्लिंटन यांचा हात उंचावलेला पुतळा, शिवाय त्यांच्या नावाचा हमरस्ता. १९९९ मध्ये अमेरिका आणि नाटोची विमानं सर्बियाविरुद्ध तिथल्या लोकांच्या बाजूने आली होती, एवढंच कारण. चर्चेत कोणी हे काढलं तर 'तो अपवाद आहे' म्हणा आणि निवेदकाला ब्रेक घ्यायची खूण करा.